पडद्याला गुडघा दिसत नाही

नाचाचा व्हिडिओ गेम घरी आणणार असाल तर गाण्यांची यादी नंतर बघा, आधी आपल्या हॉलची फरशी बघा. हे मी नडगीच्या दुखण्यातून शिकले.

आमच्याकडे आला तो मॅटवरचा खेळ. पडद्यावर खालून बाण सरकत वर येतात, वरच्या ठरलेल्या रेषेला टेकले की त्या क्षणी त्या दिशेच्या चौकोनावर पाऊल टाकायचं. डावं, उजवं, पुढे, मागे. कोनामी या जपानी कंपनीने ‘डान्स डान्स रिव्हॉल्यूशन’ १९९८ साली गेमिंग पार्लरसाठी काढला आणि पुढच्याच वर्षी तो प्लेस्टेशनवर, म्हणजे घरात आला. घरी येताना दोन गोष्टी मात्र मागे राहिल्या. पार्लरमधल्या यंत्राला धातूचा पक्का चौथरा असतो आणि पाठीशी धरायला दांडा असतो. घरी मिळते ती घडी घालून कपाटात ठेवता येणारी मऊ मॅट.

आमच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, खाली काँक्रीटचा स्लॅब. जलद गाण्यात मॅट बोटभर सरकायची, मग आपलं पाऊल बाणावर न पडता कडेला पडायचं. मॅट फाटू नये म्हणून बूट काढून खेळायचं, त्यामुळे प्रत्येक दणका थेट हाडाला. हळूहळू नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला, जिना उतरतानाही जाणवू लागला. डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या आणि पायाखाली काय आहे ते विचारलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याआधीच विचारलं होतं, “काय गं, वर खलबत्ता चालू असतो का?”

उपाय महागडा नाही. जिममध्ये अंथरतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे खाली, त्यावर प्लायवूडचा सपाट तुकडा, आणि प्लायवर मॅट चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्की. नुसत्या फोमवर मॅट टाकू नका. पाऊल रुततं आणि मॅटला दाब नीट कळत नाही. पाऊल चवड्यावर हलकं टेकवा, टाच आपटू नका. आणखी एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही: प्रत्येक बाणानंतर मधल्या चौकोनात परत यायची गरज नसते. परत येण्यात पावलं दुप्पट होतात, दम लागतो आणि पुढचा बाण चुकतो. पाय जिथे आहे तिथेच राहू द्या, वजन फक्त एका पायावरून दुसऱ्यावर न्या.

हे जमलं की खेळाचं खरं बळ हाती लागतं. लहानपणी मी कथकचा ततकार केला आहे, म्हणून मनापासून सांगते, लयीचा इतका निःपक्षपाती परीक्षक घरात दुसरा मिळणार नाही. ठेक्यावरचे बाण एका रंगाचे आणि दोन ठेक्यांच्या मधोमध येणारे दुसऱ्या रंगाचे, अशी सोय यात असते. अर्धी मात्रा डोळ्यांना दिसते आणि पायाला कळते. ‘परफेक्ट’ आणि ‘ग्रेट’ यांतलं अंतर सेकंदाच्या बारीक अंशाचं असतं. मैदानी खेळात मन न रमणारी मुलंही यात रमतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर २००६ मध्ये मुलांच्या वाढत्या लठ्ठपणावर उपाय म्हणून हा खेळ सरकारी शाळांत न्यायचं ठरवलं.

पण हा परीक्षक फक्त वेळ मोजतो. गुडघा आत वळलाय, कंबर ताठरलीय, खांदे कानांपर्यंत चढलेत, यातलं काहीही त्याला दिसत नाही. वेदनेने वाकडं पडलेलं पाऊल वेळेवर पडलं तर तेही ‘परफेक्ट’. म्हणून मुलं खेळत असताना अधूनमधून पडद्याकडे पाठ करून त्यांच्या पायांकडे बघा. पडद्यावर येणारा कॅलरींचा आकडा हाही अंदाजच असतो, त्यावरून जेवण ठरवू नका.

‘जस्ट डान्स’ची गोष्ट वेगळी. युबीसॉफ्टचा हा खेळ २००९ मध्ये आला. यात मॅट नाही. पडद्यावरचा नर्तक आरशासारखा समोर नाचतो आणि गुण ठरतात ते उजव्या हातातल्या रिमोटच्या किंवा फोनच्या हालचालीवरून. पाय काय करतात याचा हिशेबच नाही. माझ्या भाच्याला हे चटकन कळलं आणि तो सोफ्यावर बसून नुसता हात फिरवत गुण मिळवू लागला. नृत्य शिकायचं असेल तर ही मोठी उणीव आहे. पण माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि तीही खुर्चीत बसून नातवंडांच्या बरोबरीने खेळते, जिंकतेही. तिच्यासाठी ती उणीव नाही, मोकळीक आहे. फोन हातात धरून खेळणार असाल तर मनगटाला दोरी बांधा, हात फार जोरात झटकू नका. झटक्याने खांदा दुखावतो आणि फोन टीव्हीवर आदळतो. जास्तीची गाणी वर्गणी भरून मिळतात, वर्गणी संपली की ती जातात. विकत घेण्यापूर्वी हे विचारून घ्या.

गुण सतत कमी पडत असतील तर पायांना दोष देण्याआधी टीव्ही तपासा. हल्लीचे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतात, त्यामुळे बाण आवाजाच्या मागे पडतो. ‘गेम मोड’ लावा. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका, त्याचा आवाज उशिरा पोहोचतो.

आपली गाणी हवी असतील तर ‘स्टेपमेनिया’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकावर घालून यूएसबी मॅट जोडता येते आणि हव्या त्या गाण्यावर बाण बसवता येतात. भाच्याने लेझीमच्या हलगीवर बाण बसवले, तेव्हा पहिलं मिनिट झकास गेलं आणि मग सगळे बाण मागे पडू लागले. संगणकावर तयार केलेल्या गाण्याचा वेग बहुधा शेवटपर्यंत एकच असतो. हलगीवाला रंगात आला की लय चढते. त्याने दर काही आवर्तनांनी वेगाचा आकडा बदलला, तेव्हा कुठे पाऊल आणि हलगी एकत्र आली. तुम्ही असं गाणं बसवाल तेव्हा सलग धावत्या पावलांनंतर आठ मात्रा पूर्ण मोकळ्या ठेवा. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला आणि सरकलेली मॅट पायाने सरळ करायला तेवढ्या पुरतात.