गोळी चढते, गोळी उतरते

(मावशी एका मुलांच्या दवाखान्यातलं औषधभांडार सांभाळून निवृत्त झालेल्या. त्यांची भाची मीनल. तिच्या नऊ वर्षांच्या ओंकारला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) मिथाइलफेनिडेट सुरू होऊन तिसरा आठवडा लागलाय.)

मीनल : मावशी, डबा रोज जसाच्या तसा परत येतो गं. पोळीचा रोल केला, इडल्या दिल्या, परवा तर चक्क नूडल्स दिल्या. दोन घास खातो आणि झाकण लावतो.

मावशी : गोळी किती वाजता देतेस?

मीनल : उठल्या उठल्या. मग कपभर दूध पितो आणि बसला पळतो.

मावशी : म्हणजे उपाशीपोटीच म्हण की. लांब चालणारी गोळी ना?

मीनल : हो. आठ-दहा तास अंमल राहतो म्हणाले डॉक्टर.

मावशी : मग दुपारी एकला त्याला भूक लागणार कुठून? डोपामीन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं मेंदूतल्या पेशी सोडतात आणि परत आत ओढून घेतात. हे ओढून घेणं गोळी अडवते. रसायनं जास्त वेळ रेंगाळतात आणि लक्ष टिकतं. पण त्यांनीच भूक दबते, नाडीही थोडी वाढते. या जातीची औषधं एके काळी वजन उतरवायला विकत होते! तेव्हा डब्यात काय घालतेस याला अर्थ नाही, घड्याळ बघ. आधी पोटभर न्याहरी, तूप सोडलेलं थालीपीठ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. मग गोळी.

मीनल : आणि दुपारी उपाशी राहू दे?

मावशी : एखादं केळं, चार काजू, जाईल तेवढं. समोर बसून भरवायचं नाही. संध्याकाळी गोळी उतरली की स्वतःच स्वयंपाकघरात घुटमळेल, तेव्हा फरसाणाची पुडी पुढे करू नकोस, जेवायलाच वाढ. आणि झोपायच्या आधी पुन्हा काहीतरी.

मीनल : संध्याकाळी तर नुसता धुमसत असतो. काल खोडरबर सापडेना म्हणून रडला.

मावशी : अंमल उतरतानाची किरकिर आहे ती. त्या तासाभरात गृहपाठाला बसवू नकोस. खाऊ घाल, खाली खेळायला सोड. रोजच होत असेल तर डॉक्टरांना सांग, गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

मीनल : डोकंही दुखतं अधूनमधून.

मावशी : सुरुवातीला दुखतं, पोटही दुखतं. पाणी पितो का बघ. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं.

मीनल : आणि परवाच्या रविवारी रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा.

मावशी : रविवारी गोळी कधी दिलीस?

मीनल : आम्ही उशिरा उठलो... दहा वाजले असतील.

मावशी : मग झोप कशी येणार! उशीर झाला तर द्यायची की त्या दिवशी सोडायची, हे डॉक्टरांना विचारून ठेव. पण खरं सांग, गोळीच्या आधी हा नऊला झोपायचा?

मीनल : नाही गं. कधीच नाही.

मावशी : मग सगळं गोळीच्या माथी मारू नकोस. म्हणून मी प्रत्येक आईला वही घालायला सांगायचे. गोळी कधी दिली, काय खाल्लं, कधी झोपला, कधी चिडला. कुणी घालायचं नाही. महिन्याने यायचे आणि म्हणायचे, ‘जरा त्रासच होतो.’ कसला त्रास? कधी? डॉक्टरांनी काय ज्योतिष बघायचं?

मीनल : घालते वही. सासूबाई म्हणतात, गोळी कुटून मधातून दिली तर पोटाला बाधणार नाही.

मावशी : अजिबात नाही! लांब चालणारी गोळी कुटलीस तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल. काही कॅप्सूल उघडून अन्नावर पसरता येतात, पण आपली तसली आहे का हे आधी विचारायचं.

मीनल : बरं. पण तो खात नाही ना, वजन घटलं तर? उंची खुंटली तर?

मावशी : उंचीचा वेग थोडा मंदावू शकतो. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांत सरासरी एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक काही अभ्यासांत दिसलाय. म्हणून दर तीन महिन्यांनी वजन, सहा महिन्यांनी उंची, आणि डोस बदलला की नाडी-बीपी. तक्त्यावर रेघ खाली झुकली तर डॉक्टर बघतील. एका डब्यावरून नाही ठरत ते. घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलंय?

मीनल : नाही. डॉक्टरांनीही विचारलं होतं.

मावशी : चांगले आहेत म्हणजे. तरी खेळताना चक्कर येऊन पडला, छातीत दुखलं, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, जीव द्यायची भाषा केली, तर वहीत लिहीत बसायचं नाही, तडक दवाखाना. मान-डोळे उगाच उडायला लागले तरी कळवायचं.

मीनल : आणि सवय लागली तर? नवऱ्याला तीच धास्ती आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागून ठेवून घेतली तेव्हा तर त्याचा चेहराच उतरला.

मावशी : शेड्यूल एक्स! त्या यादीतल्या औषधाला दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणून निम्मे दुकानदार ‘ठेवत नाही’ म्हणून हात झटकतात. नोंदी ठेवायचा कंटाळा, दुसरं काही नाही! आयबाप पाच दुकानं हिंडतात आणि गोळ्या संपल्या की मुलाचा आठवडा वाया जातो. मी तीस वर्षं ते रजिस्टर लिहिलं, माझा हात नाही झडला. तू गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी बघत जा.

मीनल : पण सवयीचं?

मावशी : डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात ती भीती फार थोडी. कपाटाला कुलूप मात्र लाव. शेजारच्या बारावीतल्या पोराने जागायला म्हणून मागितली तरी द्यायची नाही.

मीनल : बाकी सगळं छान आहे. बाई तर खूश आहेत. म्हणाल्या, वर्गात आहे की नाही कळतसुद्धा नाही. तर मी काय म्हणत होते, डब्यात पराठा...

मावशी : थांब. कळत नाही म्हणजे?

मीनल : शांत असतो. घरीही. गाडीत सारखा गाणी म्हणायचा, ते बंद झालं. बरंच झालं, डोकं उठायचं.

मावशी : कधीपासून?

मीनल : डोस वाढवला तेव्हापासून. आठ-दहा दिवस.

मावशी : आणि हे तू मला आत्ता सांगतेस! अगं, पराठ्याचं काय घेऊन बसलीस? गोळी मुलाला गप्प बसवायला नसते. 1937 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या डॉ. चार्ल्स ब्रॅडलींनी मुलांना डोकेदुखीसाठी याच जातीचं बेंझेड्रिन देऊन बघितलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण मुलं आपण होऊन गणितं सोडवायला लागली. ‘गणिताच्या गोळ्या’ हे नाव मुलांनीच ठेवलं. मुलाला स्वतःला काम करावंसं वाटतं, यासाठी हे औषध. हसू-गाणं आटलं, मूल विझल्यासारखं झालं, तर बहुतेकदा डोस त्याला जास्त होतोय.

मीनल : म्हणजे बंद करू?

मावशी : तू मनाने बंदही करायचं नाहीस आणि अर्धीही करायची नाहीस. डोस खाली आणता येतो, दुसऱ्या बनावटीची गोळी असते, ॲटोमॉक्सेटीनसारखं वेगळ्या जातीचं औषधही आहे. ते डॉक्टर ठरवतील. ओंकारला विचारलंस का कधी, कसं वाटतं म्हणून?

मीनल : नाही. म्हणजे, जेवलास का एवढंच विचारते.

मावशी : विचार. आणि डॉक्टरांना फोन लाव.

मीनल : सोमवारी तपासणी आहेच की.

मावशी : सोमवारला पाच दिवस आहेत. आत्ता लाव. आणि पहिलं वाक्य डब्याचं नको.