लघवी साफ होते, मग किडनीची चिंता कशाला?

प्रश्न : वय 52, पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करतो. ब्लडप्रेशर आहे. हंगामात कंबर धरते, तेव्हा मेडिकलमधून गोळी आणतो. क्रिएटिनीन 1.5 आलं. लघवी साफ होते, त्रास काही नाही. मामा रोह्याहून डायलिसिसला जातात, म्हणून धास्ती वाटते.

उत्तर : लघवी साफ होणं म्हणजे किडनी ठीक, हा समज मनातून काढा. बऱ्याच रुग्णांना शेवटच्या टप्प्यापर्यंत काहीच जाणवत नाही. तुमच्या वयाला 1.5 म्हणजे गाळण्याची क्षमता साधारण 55. निदान 60 च्या वर हवी. पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा आणि लघवीतलं अल्ब्युमिनही बघा. किडनीच्या दुखण्याची चाहूल अनेकदा तिथेच आधी लागते, आणि हीच तपासणी लोक टाळतात.

ती कंबरेची गोळी मात्र आजच थांबवा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात; दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसाला तर जास्तच बाधतात. कंबरेसाठी डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पेणचा पापड आणि खारवलेली सुकी मासळी यांतलंही त्यातच धरा. प्रेशर 130/80 च्या खाली हवं, साखरही तपासून घ्या. प्रेशरची गोळी स्वतःहून बंद करू नका.

मामांना सांगा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च मिळतो.