आरेखन-प्रणाली बदलताना : जुन्या आज्ञावलीची तपासणी

शाळेची खोली, रस्त्यावरील मोरी, पाण्याची टाकी अशा सार्वजनिक कामांचे नकाशे आता संगणकावर तयार होतात. नकाशाची चौकट, शीर्षक, स्तरांची मांडणी ही नित्याची कामे पुन:पुन्हा हाताने करावी लागू नयेत म्हणून आज्ञा क्रमाने लिहिलेली एक साधी फाइल ठेवण्यात येते. हिलाच आज्ञावली किंवा ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. कार्यालय एक आरेखन-प्रणाली सोडून दुसरी स्वीकारते तेव्हा जुने नकाशे बहुधा उघडतात. परंतु जुनी आज्ञावली जशीच्या तशी चालेल याची शाश्वती नसते.

भेदाचे स्वरूप

ऑटोकॅड ही प्रणाली १९८२ मध्ये आली आणि १९८६ मध्ये तिला ऑटोलिस्प या भाषेची जोड मिळाली. तिची स्क्रिप्ट म्हणजे कळफलकावर टंकलेल्या उत्तरांची मालिकाच होय. तीत रिकामी जागादेखील बहुतेक ठिकाणी ‘एंटर’ कळीचे काम करते. ब्रिक्सकॅडमध्ये बहुतांश आज्ञा याच धर्तीच्या असून ऑटोलिस्पही चालते. मायक्रोस्टेशनमध्ये रेषेसाठी ‘लाइन’ऐवजी ‘प्लेस लाइन’ ही आज्ञा द्यावी लागते व बिंदूचे सहनिर्देशक ‘एक्सवाय=’ असे लिहून कळवावे लागतात. फ्रीकॅडमध्ये आज्ञावली पायथॉन भाषेत लिहितात.

चूक कोठे होते?

आज्ञा अजिबात न चालल्यास दोष तत्काळ कळतो. खरा धोका आज्ञा चालूनही अर्थ बदलण्यात आहे. ऑटोकॅडची ‘टेक्स्ट’ आज्ञा आरंभबिंदू, अक्षरांची उंची, कोन व मजकूर असे क्रमाने विचारते. मात्र निवडलेल्या अक्षरशैलीत उंची आधीच ठरविलेली असेल, तर उंचीचा प्रश्न विचारला जात नाही. मग उंचीसाठी लिहिलेला आकडा कोन म्हणून घेतला जातो, कोनाचे शून्य मजकूर म्हणून उमटते आणि पुढील सर्व उत्तरे एक पायरी सरकतात.

एककांचेही तसेच आहे. ऑटोकॅडमध्ये ६ हा आकडा ६ मीटर मानून नकाशा काढलेला असू शकतो. फ्रीकॅडच्या पायथॉन आज्ञेत केवळ ६ लिहिल्यास ते ६ मिलिमीटर ठरतात. ही चूक मोजमाप-पत्रकात उतरली, तर अंदाजपत्रकच चुकेल.

घ्यावयाची दक्षता

१. ऑटोकॅडच्या आज्ञेपूर्वी अधोरेखा दिल्यास प्रणालीची भाषा कोणतीही असली तरी मूळ इंग्रजी नाव ओळखले जाते. ‘लेयर’सारख्या आज्ञेपूर्वी आडवी रेघ दिल्यास संवाद-चौकट न उघडता प्रश्न ओळीतच विचारले जातात.

२. फाइल निवडण्याची चौकट टाळण्यासाठी ‘फाइलडिया’चे मूल्य शून्य करावे.

३. बिंदू आपोआप पकडण्याची सोय, म्हणजे ‘ओस्नॅप’, बंद ठेवावी. अन्यथा स्क्रिप्टमधील बिंदू जवळच्या रेषेच्या टोकाकडे ओढला जाऊ शकतो. काम संपताच पूर्वीची मूल्ये पुन्हा द्यावीत.

४. प्रत्येक ओळीपुढे प्रणाली कोणता प्रश्न विचारते हे प्रथम हाताने चालवून लिहून काढावे आणि नंतरच नवी आज्ञावली लिहावी.

५. ज्ञात मापांचा एक छोटा नकाशा दोन्ही प्रणालींत काढून लांबी, कोन व स्तरांची नावे ताडून पाहावीत.

तंत्रनिकेतनांतील व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी ही पडताळणी प्रात्यक्षिकात घेतल्यास ती विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडेल. पंचायतीच्या सदस्यांनीही नवीन प्रणालीतील पहिल्या नकाशावर एकक स्पष्ट लिहिले आहे किंवा नाही, आणि एखादे माप प्रत्यक्ष जागेशी जुळते किंवा नाही, हे अवश्य पाहावे. पाया खोदण्यापूर्वी कागदावर सापडलेली चूक सुधारण्यास फारसा खर्च येत नाही.