क्षयरुग्णाच्या घरातील धडधाकट माणसांनी गोळ्या का घ्याव्यात ?



बेण्याची टिपरी दिसायला झकास असते, डोळा टपोरा असतो. पण आत काणी असेल तर पुढे पोंग्यातून काळा चाबूक निघतोच. म्हणून तर आपण चाबकाची वाट न बघता बेणेप्रक्रिया करतो. क्षयाचेही तसेच आहे.

फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की जंतू हवेत जातात व एका छपराखालच्या इतरांच्या श्वासातून आत शिरतात. जंतू शिरला म्हणजे रोग झाला असे मात्र नव्हे. बहुतेकांत तो निपचित पडून राहतो. शंभरातल्या ५ ते १० जणांना आयुष्यात केव्हा तरी रोग होतो, त्यातल्या सुमारे निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांतच. लहान लेकरे, मधुमेही व एचआयव्हीबाधित यांना धोका अधिक.

पूर्वी प्रतिबंधक औषध मुख्यतः लहान मुले व एचआयव्हीबाधितांना मिळे. २०२१ च्या केंद्र सरकारच्या सूचनांनुसार ते फुफ्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्व वयाच्या माणसांसाठी आहे. सरकारी दवाखान्यात फुकट. एक पद्धत आयसोनियाझिड रोज, सहा महिने. दुसरी आयसोनियाझिड व रिफापेंटीन आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे. गरोदर बाई व दोन वर्षांखालचे मूल यांना ही दुसरी चालत नाही. कोणाला कोणती, हे डॉक्टरच ठरवतील.

आधी तपासणी हवीच. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम, यांतले काही असेल तर प्रथम रोग आहे का ते बघतात. आत रोग चालू असताना एकदोन औषधांनी तो मरत नाही, उलट जंतू निर्ढावतो. रुग्णाच्या पाकिटातल्या गोळ्या घरच्यांनी वाटून खाणे हा तर शुद्ध अडाणीपणा !

रिफापेंटीनने लघवी तांबूस होते, घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, अन्न नकोसे झाले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. औषधाचा भार यकृतावर पडतो, तेव्हा दारू बंद. (हे काहींना कडू लागेल, इलाज नाही.)

आता ऊसतोड टोळ्यांचे. एका खोपीत पाच-सहा माणसे निजतात. टोळीत कोणी क्षयरुग्ण निघाला तर मुकादमाने खोपीतल्या सर्वांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हंगामाच्या सुरुवातीलाच गोळ्या चालू झाल्या तर बारा आठवडे पट्टा पडायच्या आत भरतात. उशीर झाला तर गावी निघण्यापूर्वी केंद्रातून निक्षय क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे राहिलेल्या गोळ्या गावाकडच्या दवाखान्यात मिळतील.