शेतातील खत आणि समुद्राचे आरोग्य

नदी समुद्रास मिळते, ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु नदीबरोबर शेतही थोडेथोडे समुद्रास मिळत असते, हे सहसा ध्यानात येत नाही. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी तांबडे किंवा काळे होते, ते शेतातील मातीमुळे होय. त्या मातीबरोबर, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपाने पाण्यात विरघळून, शेतकऱ्याने पैसे मोजून घातलेले खतही वाहून जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान येथेच संपते. समुद्राच्या दृष्टीने मात्र ते येथे सुरू होते.

समुद्रास अपाय करणाऱ्या मानवी कृत्यांमध्ये शहरांचे सांडपाणी, कारखान्यांतील टाकाऊ द्रव्ये, प्लॅस्टिकचा कचरा, तेलाची गळती आणि बेसुमार मासेमारी यांची गणना होते. ह्यांपैकी बऱ्याच गोष्टी शेतकऱ्याच्या हाती नाहीत. शेतातून वाहून जाणारे नत्र व स्फुरद यांचा बंदोबस्त मात्र बव्हंशी त्याच्याच हाती आहे. म्हणून ह्या एका बाबीचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मृत पट्टा कसा निर्माण होतो?

नत्र व स्फुरद ही जशी पिकांची अन्नद्रव्ये, तशीच ती समुद्रातील सूक्ष्म शेवाळाचीही अन्नद्रव्ये होत. नदीमुखाशी ती प्रमाणाबाहेर येऊन पडली म्हणजे शेवाळाची बेसुमार वाढ होते. हे शेवाळ अल्पकाळात मरते व तळाशी जाऊन बसते. तेथे जीवाणू ते कुजवितात, आणि कुजविण्याच्या ह्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो.

तळाशी खर्च झालेला प्राणवायू वरून भरून निघाला असता तर विशेष बिघडले नसते. परंतु नदीचे गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर थर करून राहते. त्यामुळे वरच्या व खालच्या पाण्याची सरमिसळ होत नाही, आणि हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. उष्ण प्रदेशातील समुद्राच्या पृष्ठभागी दर लिटर पाण्यात सुमारे ६ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हे प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली गेले म्हणजे मासे ती जागा सोडून जातात, आणि ज्यांना पळता येत नाही असे तळाचे किडे व शिंपले गुदमरून मरतात. अशा भागास मृत पट्टा असे म्हणतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगात असे ४०० हून अधिक पट्टे आढळले. त्यांचे एकूण क्षेत्र २,४५,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त होते.

मिसिसिपी नदीचे उदाहरण

ह्या विषयाचा सर्वांत कसून अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. मिसिसिपी व तिच्या उपनद्या त्या देशाच्या सलग मुख्य भूमीपैकी सुमारे ४१ टक्के भूभागाचे पाणी मेक्सिकोच्या आखातात आणून सोडतात. ह्याच खोऱ्यात आयोवा, इलिनॉय आदी राज्यांतील मका व सोयाबीनचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे अनेक शेतांत जमिनीखाली निचऱ्याचे नळ घातलेले असतात. पिकाने न उचललेले नत्र पाण्याबरोबर ह्या नळांतून थेट ओढ्यात जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००८ साली काढलेल्या अनुमानाप्रमाणे आखातात येणाऱ्या नत्र व स्फुरद यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग शेती व पशुपालन यांतून येतो.

आखातातील मृत पट्ट्याची मोजणी १९८५ पासून उन्हाळ्यात पद्धतशीर रीतीने करण्यात येत आहे. १९८८ साली खोऱ्यात अवर्षण पडले, नदीचे पाणी घटले, आणि पट्टा अवघ्या ४० चौरस किलोमीटरांवर आला. १९९३ साली महापूर आला, तेव्हा तो आधीच्या वर्षांच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट झाला. २०१७ साली त्याचे क्षेत्र २२,७०० चौरस किलोमीटरांवर गेले. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांचे क्षेत्रफळ याहून कमी भरते.

लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर कोळंबी व मासे धरून पोट भरणाऱ्या लोकांना ह्याची झळ लागते. मासळी आपली जागा सोडते, आणि तिच्या मागे नौकांना अधिक लांब जावे लागते. ह्या कोळ्यांच्या जाळ्यात काय येणार, ते हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मक्याच्या शेतात काही अंशी ठरते. आणि त्या शेताचा मालक आपल्या हयातीत ते आखात कदाचित पाहतही नाही.

हा पट्टा ५,००० चौरस किलोमीटरपर्यंत आणावा असे उद्दिष्ट २००१ साली ठरविण्यात आले, व त्यासाठी २०१५ ची मुदत घालण्यात आली. मुदतीत ते साधले नाही, म्हणून ती २०३५ पर्यंत वाढविण्यात आली. उद्दिष्ट कागदावर मांडणे सोपे असते; लक्षावधी शेतांवर खत देण्याची रीत बदलणे कठीण असते.

काळ्या समुद्राचा धडा

असा बिघाड दुरुस्त होऊ शकतो काय? होऊ शकतो. डॅन्यूब नदी जेथे मिळते त्या काळ्या समुद्राच्या वायव्य भागात १९७० नंतर असाच मोठा मृत पट्टा पसरला होता. १९९० च्या सुमारास पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, खतांवरील सरकारी साहाय्य बंद पडले, आणि खतांचा वापर निम्म्याहून कमी झाला. काही वर्षांतच समुद्रात फरक दिसू लागला, व १९९६ पर्यंत तो पट्टा जवळजवळ नाहीसा झाला.

तथापि ह्या उदाहरणाचा चुकीचा अर्थ घेऊ नये. तेथे समुद्र सुधारला, परंतु शेती विपन्नावस्थेत गेल्यामुळे सुधारला. ज्या देशाला कोट्यवधी लोकांना अन्न पुरवावयाचे आहे, त्याला हा मार्ग परवडणार नाही. खत बंद करणे हा उपाय नव्हे. घातलेले खत पिकाच्या मुळाशी राहील असे करणे, हाच खरा उपाय होय.

आपल्या किनाऱ्याशी संबंध

उल्हास, सावित्री, वाशिष्ठी ह्या कोकणातील नद्या थोड्याच अंतरात अरबी समुद्रास मिळतात. तापी सुरतेजवळ त्याच समुद्रात जाते. गोदावरी व कृष्णा यांच्या खोऱ्यांतील पाणी मात्र बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणजे महाराष्ट्रातील शेताचा संबंध दोन्ही समुद्रांशी आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी वर येते. ही क्रिया नैसर्गिक आहे. परंतु गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही स्थिती अधिक तीव्र होत असल्याचे दाखविले, आणि मानवी व्यवहारांतून समुद्रात येणारे नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून सांगितले. जेथे प्राणवायू मुळातच कमी पडतो, तेथे जमिनीवरून आणखी भर पडू न देणे हे शहाणपणाचे ठरते.

शेतकऱ्याचा हिशेब

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. भातखाचरात युरिया पाण्यावर फेकून दिल्यास त्यातील साधारणतः ३० ते ४० टक्केच नत्र पिकाच्या उपयोगी पडते. म्हणजे गोणीतील सुमारे ६-८ किलो नत्र पिकाला मिळते. उरलेल्या नत्रापैकी काही हवेत उडते, काही जमिनीत राहते व काही पाण्याबरोबर निघून जाते. समुद्राची काळजी ज्याला नाही, त्यालाही हा तोटा परवडणारा नाही.

काय करावे?

१. माती परीक्षण करून घ्यावे व त्याप्रमाणेच खताची मात्रा ठरवावी. शेजाऱ्याने दोन गोण्या टाकल्या म्हणून आपणही टाकू नयेत.

२. नत्राची संपूर्ण मात्रा एकाच वेळी देऊ नये. पिकाच्या वाढीच्या अवस्था पाहून ती हप्त्यांनी द्यावी. मोठ्या पावसाचा रंग दिसत असल्यास खत देणे पुढे ढकलावे.

३. भातखाचरात युरिया देण्यापूर्वी पाणी कमी करावे, आणि खत दिल्यानंतर काही दिवस पाणी बाहेर जाण्याची वाट बंद ठेवावी.

४. शक्य तेथे चारसूत्री भात लागवडीचा अवलंब करावा. ह्या पद्धतीत नियंत्रित लावणीच्या चार चुडांच्या चौकोनात २.७ ग्रॅम वजनाची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. खत चिखलात मुळाशी राहते व हळूहळू मिळते. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेटी पुरतात. गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडणे हेही ह्याच पद्धतीचे एक सूत्र आहे.

५. स्फुरद मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून जाते. म्हणून माती अडविणे हाच स्फुरद अडविण्याचा मार्ग होय. बांध दुरुस्त ठेवावेत, उताराला आडवी पेरणी करावी, आणि ओढ्याच्या काठी गवताची पट्टी राखावी.

६. शेणाचा उकिरडा ओढ्याच्या काठावर नसावा. पावसात त्याचा रस वाहून जाणार नाही अशा उंच जागी खड्डा घ्यावा व तो झाकावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय गावात मांडताना समुद्रापासून आरंभ करू नये. डोंगराळ गावातील शेतकऱ्यास समुद्र दूरचा वाटतो. प्रथम गोणीचा हिशेब मांडावा. नंतर पावसाळ्यात गावाच्या ओढ्यावर नेऊन गढूळ पाणी दाखवावे, आणि ते कोठे जाते हे नकाशावर समजावून द्यावे. शेतकऱ्याचे गमावलेले नत्र व कोळ्याची गमावलेली मासळी ह्या दोन वेगळ्या हानी नसून एकाच हानीची दोन टोके आहेत. त्यांपैकी बांधावरचे टोक शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि ते येत्या हंगामापासूनच आवरता येण्यासारखे आहे.