सांखळी-करवतीचें कोरीव काम

गेल्या पावसाळ्यांत आपल्या आवारांतील जुना गुलमोहोर वादळानें उन्मळून पडला, हें विद्यार्थ्यांस स्मरत असेलच. ज्या वृक्षास वाढावयास कित्येक वर्षें लागलीं, त्याचे ओंडके सांखळी-करवतीनें अर्ध्या दिवसांत पाडले. तें काम पाहत उभ्या असलेल्या एका मुलानें आम्हांस विचारिलें, “सर, या यंत्रानें नुसतें तोडतांच येतें काय?” त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर त्रोटक होतें. प्रस्तुत लेख हें त्याचें सविस्तर उत्तर होय.

या यंत्रानें मूर्तिही घडवितां येते. उत्तर अमेरिका, युरोप व जपान येथें तर ही एक मान्यता पावलेली कला आहे. तिचें स्वरूप समजण्यासाठीं प्रथम यंत्राचा थोडा इतिहास पाहूं. १९२६ सालीं जर्मनींतील आंद्रेआस श्टील यांनीं विजेवर चालणारी सांखळी-करवत तयार केली, आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी. या आरंभींच्या करवती इतक्या अवजड होत्या कीं, त्या चालविण्यास दोन माणसें लागत. त्यांच्या सांखळीचे दांत साध्या करवतीच्या दांतांसारखे असून त्यांस वारंवार धार लावावी लागे.

ही अडचण दूर झाली ती एका किड्यामुळें. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स हे गृहस्थ सरपण फोडीत असतां, एक जाड अळी लांकूड पोखरीत असलेली त्यांस दिसली. लांकडाच्या रेषांच्या दिशेनें काय, किंवा त्यांस आडवी काय, ती सारख्याच सहजतेनें पुढें सरकत होती. बारकाईनें पाहतां त्यांस आढळलें कीं, तिचे जबडे एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असे चालतात. कॉक्स यांनीं त्याच धर्तीवर एक डावा, एक उजवा असे वळविलेले पोलादी दांत घडविले, व १९४७ सालीं तशी सांखळी विक्रीस आणिली. आजच्या सांखळ्याही मुख्यतः त्याच तत्त्वावर चालतात. पाहणारा डोळस असेल, तर अळीही त्याची गुरु होऊं शकते.

करवत एकट्यानें उचलण्याजोगी झाल्यावर १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कांहीं जणांनीं तिनें कोरून पाहण्यास आरंभ केला. १९६१ सालीं केन कायझर यांनीं उत्तर कॅलिफोर्नियांतील ‘ट्रीज ऑफ मिस्टरी’ या प्रेक्षणीय वनासाठीं पन्नास शिल्पें कोरलीं. कॅनडांतील चेटविंड या गांवीं २००५ सालीं या कलेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, व तींत कोरलेलीं शिल्पें त्या गांवाच्या रस्त्यांच्या कडेस उभीं आहेत.

आतां हत्यारांकडे वळूं. मोठ्या करवतीनें ओंडक्याचा नको असलेला भाग उडवून ढोबळ आकार काढितात. बारीक कामास मात्र निराळी लहान करवत घेतात. तिच्या पात्याचें टोंक अरुंद, जवळ जवळ नाण्याच्या कडेएवढें वळणाचें असतें, आणि सांखळीचे दांतही बारीक असतात. यामागील कारण महत्त्वाचें आहे. रुंद पात्याच्या टोंकाचा वरचा अर्धा भाग लांकडास लागला, तर धांवती सांखळी अडकते आणि सबंध करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. हें इतक्या वेगानें घडतें कीं, हात मागें घेण्यास अवकाशच राहत नाहीं. अरुंद टोंकानें ही उसळी पुष्कळ कमी होते, पण तिचें भय अजिबात नाहींसें होत नाहीं. शेवटची सफाई पटाशीनें वा विजेच्या ग्राइंडरनें करितात. आणि अस्वलाच्या केसांसारखा काळसरपणा हवा असल्यास ज्योतीनें वरचा थर जाळून ब्रशानें घासतात.

हा कारागीर डोळ्यांवर चष्मा, कानांवर आच्छादन व पायांत विशेष विजार घातल्यावांचून करवतीस हात लावीत नाहीं. त्या विजारींत लांब धाग्यांचे थर असतात. सांखळी लागतांच ते धागे चक्रांत गुंतून यंत्र थांबवितात. तसेंच यंत्राच्या सततच्या कंपनानें बोटें पांढरीं पडून बधिर होण्याचा विकार जडतो, म्हणून मधून मधून विसांवा घ्यावा लागतो.

लांकूड ओळखणें हें हत्यार ओळखण्याहून कठीण. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांबडा सीडर या कारागिरांस विशेष प्रिय आहे. तो हलका, मऊ व सरळ रेषांचा असून त्याचा गाभा उघड्यावरही लवकर कुजत नाहीं. मात्र त्याचा भुसा श्वासाबरोबर आंत गेल्यास दमा जडूं शकतो. पांढरा पाइन कोरण्यास सोपा, पण पावसांत टिकण्यास दुबळा. ओक कठीण व टिकाऊ. परंतु ओल्या ओकास लोखंड लागलें, तर त्यांतील तुरट द्रव्यामुळें काळे डाग पडतात.

हें काम बहुधा ओल्या लांकडावर करितात, कारण तें सहज कापलें जातें. पुढें तें वाळूं लागतें, आणि त्यांतील पाणी कोरड्या लांकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांहून कमी झालें, कीं आकसूं लागतें. परंतु सर्व दिशांनीं तें सारखें आकसत नाहीं. वर्षवलयांच्या कडेनें होणारा संकोच मध्यापासून सालीकडे होणाऱ्या संकोचाच्या सुमारें दुप्पट असतो, व या ओढाताणींत अखंड ओंडका तडकतो. गुलमोहोराचा जो ओंडका अद्याप कुंपणापाशीं पडला आहे, त्याचें तोंड पाहा; मध्यापासून सालीपर्यंत गेलेली पाचरीच्या आकाराची भेग तुम्हांस दिसेल. अनुभवी कारागीर मूर्तीच्या पाठीमागें मध्यापर्यंत एक उभा छेद आपण होऊनच घेऊन ठेवितो. मग भेग बहुधा तेथेंच रुंदावते, आणि मूर्तीचा चेहरा वांचतो. जें टाळतां येत नाहीं, त्यास जागा नेमून द्यावी, असें हें शहाणपण आहे.

प्रत्यक्ष कामांत प्रथम साल काढून ओंडक्यावर खडूनें आकृति आंखितात, व मोठ्या पृष्ठभागांकडून लहानांकडे जातात. मूर्तिकारांचा एक जुना नियम येथें विशेष लागू पडतो: नाक प्रथम मोठें ठेवावें व डोळे लहान. मोठें नाक मागाहून लहान करितां येतें, लहान डोळा मागाहून मोठा करितां येतो. याच्या उलट केल्यास उपाय नाहीं. पटाशीनें चूक झाली तर एक ढलपी जाते. सांखळी-करवतीनें मात्र निमिषांत अस्वलाचा कानच जातो. म्हणून ज्याचें हत्यार अधिक वेगवान, त्यानें हत्यार चालविण्यापूर्वीं अधिक वेळ थांबावें.

विद्यार्थ्यांनीं या करवतीस मुळींच हात लावूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों. पण या कलेचा पहिला धडा घरींही घेतां येतो. साबणाची एक वडी घ्या. तिच्या समोरच्या बाजूवर एखाद्या पक्ष्याची आकृति काढा व शेजारच्या बाजूवर त्याच पक्ष्याची बाजूनें दिसणारी आकृति काढा. मग जुन्या चमच्याच्या दांड्यानें कोपऱ्यांपासून थोडें थोडें खरवडीत या. पहिला पक्षी बिघडेल. दुसऱ्याच्या वेळीं तुमचा हात आपोआप थबकूं लागेल. त्या मुलानें विचारिलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर त्या थबकण्यांत आहे. ओंडके पाडणाऱ्याच्या व मूर्ति कोरणाऱ्याच्या हातीं यंत्र एकच असतें. कोठें थांबावयाचें हें दुसऱ्यानें आधींच ठरविलेलें असतें.