वैद्यकीय संकेतलेखनाचा व्यवसाय

विद्यार्थिमित्रहो, वैद्यकाची आवड आहे, परंतु डॉक्टर होण्याइतकी अनुकूलता नाहीं, असें आपल्या जालना जिल्ह्यांतील कित्येक मुलेंमुली सांगतात. अशांनीं विचारांत घेण्याजोगा एक व्यवसाय म्हणजे ‘मेडिकल कोडिंग’, अर्थात् वैद्यकीय संकेतलेखन होय.

डॉक्टरांचें टिपण वाचून त्यांतील रोगास व उपचारास ठराविक संकेतांक देणें, हें या लेखकाचें काम. जाक बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें १८९३ सालीं मृत्यूच्या कारणांची वर्गवार यादी मांडली. तिचाच पुढें विस्तार होऊन आजचें आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण झालें; १९४८ पासून तें जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तींत उच्च रक्तदाबास ‘आय १०’ व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहास ‘ई ११’ हे अंक आहेत. अमेरिकेंत विमा कंपन्या अशाच अंकांवरून रुग्णालयांचीं बिलें तपासतात, आणि त्यांचें बरेंच लेखन पुणें-मुंबईच्या कचेऱ्यांतूनही होतें.

मग हें केवळ आंकडे भरणें आहे काय? उदाहरण पाहूं. बाह्यरुग्णाच्या टिपणांत लिहिलें आहे, ‘ताप, डेंग्यूचा संशय.’ नवखा लेखक डेंग्यूचा अंक घालील. परंतु अमेरिकेंतील नियम असा कीं, बाह्यरुग्णाच्या बाबतींत संशयित रोगास अंक द्यावयाचा नाहीं. निश्चित लक्षणासच द्यावयाचा. म्हणून येथें ‘आर ५०.९’, म्हणजे कारण न ठरलेला ताप, एवढेंच लिहावें. अधिक लिहिल्यास रोग्याच्या नांवावर न झालेला रोग चढतो, बिल खोटें ठरतें आणि रोगांची गणनाही चुकते. जेवढें ठरलें तेवढेंच लिहिणें, हाच या विद्येचा कणा होय.

यासाठीं शाळेंत जीवशास्त्र व इंग्रजी मन लावून शिकावें. पुढें जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा परिचर्या यांतील पदवी उपयोगी पडते. नंतर ‘सीपीसी’सारखी प्रमाणपत्र-परीक्षा देतां येते. सोपे अंक आतां यंत्रही सुचवितें. म्हणून संशयाच्या जागीं विवेक करणाऱ्याचेंच मोल राहील.

पालकांस एक विनंती. ‘नोकरी हमखास’ म्हणणाऱ्यास मोसंबीच्या बागेचें वर्षाचें उत्पन्न एकदम देऊं नये. कोणती परीक्षा, शिकविणार कोण, मागील विद्यार्थी कोठें आहेत, हें आधीं विचारावें.

मुलांनो, आज घरांतील एखादी जुनी वैद्यकीय चिठ्ठी वडिलांच्या अनुमतीनें घ्या. निश्चित काय व संशयित काय, तें दोन रकान्यांत लिहा. हाच तुमचा पहिला धडा.